घडीची पेटी

"ही फुलां हयची न्हय," पारूमावशी म्हणाली आणि ओल्या तळहातावरच्या चार पिवळ्या पाकळ्या तिने माझ्यापुढे धरल्या. "ही घाटावरची शेवती. आपल्याकडे आता खंय मिळतली?"

आम्ही कारखान्याच्या मागच्या अंगणात उभ्या होतो. आजऱ्याहून परत आलेल्या पेट्या तिथे धुतल्या जायच्या आणि ते काम पारूमावशीचं होतं.

"पेटीत कुठे होत्या?"

"कोपऱ्यात. घडी उघडली आणि पडली." तिने पाकळ्या माझ्या हातात दिल्या आणि होजपाइप उचलला. "निनाद गेल्लो मा ह्या पेट्यांवांगडा? मगे त्याकाच विचार. तुझो घोव घाटावर फुलां वेचता की काय!"

"अजून घोव झालेला नाही, मावशी."

"झालो की वेचूचा बंद करतलो," ती म्हणाली आणि पाणी सोडलं.

कुडाळजवळ शिरसाट काकींचा कोकम आगळाचा कारखाना होता. मी तिथे प्रयोगशाळा सांभाळायचे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन आले होते आणि मिळालेली पहिलीच नोकरी होती. निनाद कुबल माल पाठवण्याचं काम बघायचा. तो मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आला होता. आम्ही एकाच हंगामात लागलो, एकाच टपरीवर चहा प्यायला लागलो आणि वर्षभराने आमचा साखरपुडा झाला. पावसाळा संपला की लग्न ठरलं होतं.

पेट्या माझ्या डोक्यातून आल्या होत्या. आधी आगळ निळ्या पिंपांतून आजऱ्याला जायचं. तिथे एक महिला बचत गट ते बाटल्यांत भरून विकायचा. जाताना ट्रक भरलेला असायचा आणि येताना तितकीच जागा रिकामी पिंपं अडवायची. म्हणजे आम्ही डिझेल जाळून घाटातून हवा खाली आणत होतो. मी काकींना घडीच्या पेट्या सुचवल्या. जाड प्लॅस्टिकची, माणसाच्या छातीएवढी उंच पेटी. आत एक मोठी पिशवी अंथरायची आणि तिची तोटी पेटीच्या खालच्या भोकातून बाहेर काढायची. पिशवीत आगळ भरायचं. तिकडे तोटी उघडून आगळ काढून घेतलं की पिशवी टाकून द्यायची, पेटीच्या चारही भिंती आत पाडायच्या, आणि उरतो एखाद्या दिवाणाएवढा ठोकळा. असे ठोकळे एकावर एक रचून परत आणायचे.

आगळ म्हणजे आम्ल आणि मीठ, दोन्ही भरपूर. त्यात कुठली पिशवी टिकेल ते मीच तपासलं होतं. वेगवेगळ्या पिशव्यांचे तुकडे आगळात बुडवून ठेवले, ताणून बघितले, दुमडून बघितले आणि एक निवडली. काकी तेव्हा म्हणाल्या होत्या, "मिथिला, तू म्हणतेस म्हणून घेतेय."

त्या पाकळ्या मी दुपारी निनादला दाखवल्या. तो ट्रकच्या फळीवर बसून डबा खात होता.

"शेवंती?" तो म्हणाला आणि हसला. "असेल कुणाच्या तरी वेणीतली."

"कुणाच्या?"

"तिथे सगळ्या बायकाच आहेत. मी काय एकेकीची वेणी बघत बसू?"

"पेटीच्या आत कशी गेली वेणी?"

"वाकून पेटी दुमडतात, पडली असेल." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. त्याचा चेहरा एकदम उजळला. "मिथिला, तू जळतेस?"

"नाही."

"जळतेस. कान बघ कसे लाल झालेत."

मी पाकळ्या फेकून दिल्या. त्याने शेवटचा घास घेतला आणि सबंध दुपार शीळ घालत काम केलं. ती शीळ मला प्रयोगशाळेत ऐकू येत होती.

पुढच्या खेपेला पेटीत बांगडी सापडली. हिरवी, काचेची, नवी. भिंत जिथे तळाला जोडलेली असते त्या खाचेत अडकली होती. या वेळी ती मलाच मिळाली, कारण पेट्या आल्या की पारूमावशीच्या आधी मीच अंगणात जायला लागले होते. निनाद माझ्याही आधी तिथे असायचा. ट्रक आला की पेट्या स्वतः उघडायचा, आत वाकायचा, मग धुवायला सोडायचा. पूर्वी हे काम तो हमालांवर सोपवायचा, हे माझ्या लक्षात आलं होतं.

बांगडी मी मनगटाजवळ धरून पाहिली. माझ्या हातात गेली नसती. बारीक मनगटाची मुलगी असणार.

"आता हे काय?" मी विचारलं.

"बांगडी."

"ते दिसतंय."

"मग विचारतेस कशाला?" पुन्हा तेच हसू. "तू तपास कर ना. तुला येतं ते. एखादं यंत्र असेल की तुझ्याकडे, बांगडी घातली की बाईचं नाव सांगणारं."

मी त्या रात्री जेवले नाही असं काही झालं नाही, व्यवस्थित जेवले. पण जेवताना त्या मुलीला मी उंची दिली, रंग दिला, आवाज दिला. आवाज खर्जातला दिला, कारण माझा किनरा आहे.

रविवारी त्याच्या घरी गेले तेव्हा त्याच्या आईने पानात भात वाढला आणि वासानेच मी थांबले. बारीक दाण्याचा, सुगंधी भात.

"घनसाळ," त्या कौतुकाने म्हणाल्या. "आजऱ्याचा. निनाद आणतो हल्ली. थोडा थोडा आणतो, पण दर खेपेला."

"विकत?"

"विकत कसला! कोण तरी देता म्हणे, प्रेमान." मग माझा चेहरा पाहून त्यांनी घाईने वरण वाढलं. निनाद खाली मान घालून जेवत होता, पण त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता.

याच सुमाराला काकींनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं की राणेसाहेब निवृत्त होतायत. सबंध उत्पादन ते बघायचे. त्यांच्या जागी बाहेरून माणूस आणायचा नाही, तुमच्यापैकी एकाला नेमायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पेट्यांची घडी नीट बसली की नाव सांगते, म्हणाल्या. जिना उतरताना निनाद म्हणाला, "कोणालाही मिळालं तरी आपल्याच घरात येणार." हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. खरं तर माझं अर्धंच लक्ष होतं. उरलेलं आजऱ्याला होतं.

आणि एका सोमवारी सकाळी पेटी फुटली.

फुटली म्हणजे पेटी नाही, आतली पिशवी. भरून ठेवलेल्या पेटीच्या खालून लाल धार लागली, आणि बघता बघता सबंध फरशीवर आगळ पसरलं. मी प्रयोगशाळेतून धावत आले तोवर निनादने पंप लावून उरलेलं आगळ पिंपांत ओढायला घेतलं होतं. बाह्या कोपरापर्यंत लाल. रिकामी झालेली पिशवी त्यानेच ओढून बाहेर काढली, आत वाकून तळ पुसला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "पिशवीच गेली गं."

संध्याकाळी काकींनी बोलावलं. त्या चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"पिशवी तू निवडली होतीस," त्या म्हणाल्या.

"हो, काकी."

"अशीच वाटेत गेली असती तर? घाटात?"

निनाद पुढे झाला. "जाऊ द्या काकी. पहिल्यांदाच असं काही निवडलंय तिने. पुस्तकातलं वेगळं आणि फरशीवरचं वेगळं. शिकेल हळूहळू."

काकींनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. बाहेर आल्यावर मी त्याचा हात धरला. मला सांभाळून घेतलं म्हणून.

"बोललो नसतो तर अजून बोलल्या असत्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी ती पिशवी प्रयोगशाळेच्या टेबलावर पसरली. जोडावर कुठेच उसवली नव्हती. भोक तळाच्या कोपऱ्याजवळ होतं, जोडापासून लांब, आणि ते बाहेरून आत गेलेलं होतं. काठ आतल्या बाजूला वळले होते. म्हणजे पिशवीखाली काहीतरी टोकदार होतं आणि वरून एक टन आगळ त्याच्यावर बसलं होतं.

मी अंगणात गेले. पारूमावशी तीच पेटी सोड्याच्या पाण्याने घासत होती. आगळाचे डाग सोडा लागला की निळसर हिरवे होतात. कोकमाच्या रंगाचा तो गुणच आहे. तळभर तसेच हिरवट डाग उमटले होते. एका कोपऱ्यात मात्र बोटाएवढा एक ठसा होता, तो लालभडक झाला होता.

"मावशी, थांब."

मी जाऊन आगळाची बाटली आणली आणि एक थेंब त्या ठशाच्या कडेला सोडला. थेंब ओघळला तिथला लाल रंग गेला आणि पिवळा आला. आम्लात पिवळं, सोड्यात लाल. असं वागणारी एकच गोष्ट प्रत्येक स्वयंपाकघरात असते.

"हळद," मी म्हटलं.

"पेटयेत हळद?" मावशीने कमरेवर हात ठेवले. "फुलां झाली, कांकणा झाली, आता हळद. बाय गो, तुझो निनाद थंय लगीन लावन इलो काय?"

ती थट्टा करत होती. मी मात्र तिथेच ओल्या फरशीवर बसले. विज्ञान शिकलेल्या माणसाला पुरावे जोडायची सवय असते. फुलं, हिरवी बांगडी, तांदूळ, हळद. हे सगळं मी माझ्या मनाने जोडलं, आणि त्यातून एकच चित्र तयार झालं. त्या चित्रात तो होता आणि ती खर्जातल्या आवाजाची मुलगी होती. पिशवी कशाने फुटली हे कळायला मी दोन पावलांवर होते, पण ते माझ्या मनात दुसऱ्या नंबरावर गेलं.

मी काकींकडे जाऊन विचारलं, पुढच्या ट्रकबरोबर मी आजऱ्याला जाऊ का? पेट्या तिथे कशा रिकाम्या करतात ते बघायचंय. काकी म्हणाल्या, जा.

निनादला कळलं तेव्हा त्याची शीळ थांबली. "तू कशाला? मी जातोच आहे."

"मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"सगळं."

"अगं, घाट आहे, ट्रकमध्ये हाडं खिळखिळी होतील. तू नको जाऊस, मिथिला." या वेळी तो हसत नव्हता. मग तर मी जाणारच होते, आणि शेवटी ट्रकबरोबर मीच गेले, तो मागे राहिला.

आजऱ्याला एका शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गटाचं काम चालायचं. पार्वताक्का म्हणून पन्नाशीच्या एक बाई गटाच्या प्रमुख होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली, मी उभीच राहिले. माझी नजर एकेकीच्या मनगटावर होती.

तोटीपाशी एक तरुण मुलगी बसली होती. बारीक मनगटं, वेणीत शेवंती. बाटली भरली की ती अंगठ्याने तोटी बंद करायची आणि दुसरी लावायची, एक थेंब सांडत नव्हता. पेटीतलं आगळ तळाला आलं तेव्हा दोघीजणींनी वरून पिशवीचं मागचं टोक धरलं आणि अंथरूण गुंडाळावं तशी ती तोटीकडे गुंडाळत आणली. शेवटचं आगळसुद्धा निघालं. एरवी मी हे बघून नाचले असते.

"रंजना, ह्या कुडाळच्या म्याडम," पार्वताक्का म्हणाल्या.

रंजनाने वर पाहिलं. "व्हय? निनाददादांच्या?" तिचा आवाज किनरा होता, माझ्याहूनही. "दादा तुमचं लई सांगत्यात."

"काय सांगतात?"

"म्हंत्यात, तिचं डोकं लई चालतं. पेट्या तिनंच आणल्या, पिशव्या तिनंच शोधल्या. आनि म्हंत्यात," ती खुदकन हसली, "लगीन झाल्यावर कारखान्यात बी तीच सायब आनि घरात बी तीच सायब. मी आपला माल चढवायचा."

बाकीच्या बायकाही हसल्या. मीही हसले, उशिरा.

पिशवी काढून त्यांनी पेटी पुसली. रंजना भिंती पाडायला वाकली आणि थांबली. "आक्का, हिची ओटी ऱ्हायली की."

"बंद केलीया न्हवं? इसरलीस?"

"कसली ओटी?" मी विचारलं.

पार्वताक्का जरा लाजल्या. "आवो, ही पेटी. भरल्या पोटानं येती, हितं सगळं देती आनि म्हायेराला निघती. बाईमानसाला मोकळी कशी लावून द्यायची? म्हनून ओटी भरत हुतो. मूठभर घनसाळ, सुपारी, हळकुंड, फूल. कवातरी काकनं. पोरींची हौस. दादांनी पयल्याच खेपेला बघितलं, लई हसले. म्हनले, भरा की, तिकडं समद्यास्नी आवडंल."

हळकुंड. मी डोळ्यांपुढे त्याचं टोक आणलं. पिशवीतल्या भोकाएवढंच.

"मग बंद का केलीत?"

"दादांचा फोन आल्ता न्हवं. म्हनले, एक हळकुंड पेटीच्या बुडाला ऱ्हायलं नि पिशवी फुटली. आक्का, आता ओटी नगं. आमाला बी लई वाईट वाटलं बगा. तुमचं नुस्कान झालं."

"फोन कधी आला होता?"

"सोमवारीच की. दुपारी. आमी जेवाया बसलो हुतो."

दुपारी. काकींनी आम्हाला संध्याकाळी बोलावलं होतं.

येताना ट्रक घाट उतरत होता आणि मी रंजनाबद्दल, बांगडीबद्दल, कशाबद्दलच विचार करत नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. पेटीत वाकलेला निनाद, तळ पुसणारा, आणि मूठ मिटून बाहेर येणारा. मूठ मिटलेली होती, हे मला तेव्हाही दिसलं होतं.

कारखान्यात पोचले तेव्हा दिवस कलायला आला होता. हमाल गेले होते. निनाद अंगणात माझी वाट बघत उभा होता.

"झाला तपास?" त्याने विचारलं. हसायचा प्रयत्न केला.

"हळकुंड कुठे आहे?"

तो म्हणाला, "टाकून दिलं."

"सोमवारी दुपारी तुला माहीत होतं. संध्याकाळी काकींसमोर तू म्हणालास, शिकेल हळूहळू."

"मग काय म्हणणार होतो? पेट्या माझ्या ताब्यात. मी बायकांना ओटी भरू दिली, हे सांगितलं असतं तर काकींनी मला ठेवलं असतं?"

"ठेवलं असतं. चूक झाली म्हणून कोणाला काढत नाहीत त्या. तुलाही माहीत आहे."

तो पेटीच्या कडेवर टेकला. बोटांनी बिजागरी हलवत राहिला. "ठेवलं असतं," तो म्हणाला. "पण नेमलं तुला असतं. पेट्या तुझ्या, पिशवी तुझी, आता तपासही तुझा. मी या ट्रकांवर खेपेमागून खेप हाडं मोडून घेतली, माझ्या नावावर काय आहे?"

"आणि ती बांगडी? मला एका शब्दाने सांगता आलं नसतं?"

"आलं असतं." त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच काहीतरी उघडं पाहिलं. "सांगणार होतो. पण ती फुलं घेऊन आलीस ना, तेव्हा तू माझ्याकडे पहिल्यांदा तसं बघितलंस. एरवी तू कुठे असतेस, मिथिला? माझ्याबरोबर चहा पितेस आणि पिशवीच्या जाडीबद्दल बोलतेस. तू माझ्यासाठी जळत होतीस तेवढे दिवस मला बरं वाटलं. तेवढे दिवस मी नव्हतो जळत."

माझ्याकडे बोलण्यासारखं खूप होतं. काही मी घाटातच पाठ करून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं.

"एकच विचारते," मी म्हटलं. "मी राणेसाहेबांच्या जागी आले तर तुला चालेल?"

"चालेल की," तो लगेच म्हणाला. "न चालायला काय झालं?"

"मग वर जा. काकी अजून आहेत. त्यांना सांग हळकुंडाचं."

"आत्ता?"

"आत्ता. मी सांगणार नाही, तू सांग."

तो निघाला. अंगण ओलांडून जिन्यापर्यंत गेला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, कठडा धरला, आणि तसाच उभा राहिला. काकींच्या खोलीतून पंख्याचा आवाज येत होता. मी जागची हलले नाही. त्याने मागे वळून पाहिलं असतं तर मी त्याच्याबरोबर वर गेले असते, हे मला आजही नक्की माहीत आहे.

त्याने मागे पाहिलं नाही. पायरीवरून पाय काढला, शेडच्या कडेने मोटारसायकलपाशी गेला आणि किक मारली. गाडी फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागली. तिचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत राहिला.

मग मी जिना चढले. दार अर्धं उघडं होतं. काकींनी कागदातून डोकं वर न काढता विचारलं, "कोण, निनाद का?"

"नाही काकी, मी आहे," मी म्हटलं आणि त्यांनी बस म्हणायच्या आधीच समोरची खुर्ची ओढली. "पिशवी का फुटली ते सांगायचंय. आणि ते सांगून झालं की माझ्या लग्नाचं."